सात सेकंदांचं वळण

सुरू होण्याआधी

माझ्या जागेवरून सात सेकंद दिसतं. घड्याळ लावून मोजलंय. डावीकडे पाइनच्या झाडांमागून मोटोक्रॉसची मोटरसायकल बाहेर येते, वळणाच्या वाळूत रुतत-उसळत घुसते, समोरच्या टेकाडावर चढते, उडते आणि पलीकडे नाहीशी होते. मग एक मिनिट त्रेपन्न सेकंद काहीच नाही. आवाज असतो, चाळीस गाड्यांचा, पण त्यात आपला पोरगा कुठला ते कळत नाही.

चौदा वर्षं मला सगळं दिसत होतं. मी आतल्या बाजूला असायचो, हातात पाटी घेऊन. यार्ने सहा वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्या गाडीची चेन मी ताणली, टायरची हवा मी पाहिली आणि प्रत्येक फेरीला पाटीवर लिहून त्याला दाखवलं: कितवा आहेस, पुढचा किती लांब आहे, दात खाऊ नकोस, श्वास घे. गेल्या वर्षी तो इटालियन संघात गेला. तिथे मेकॅनिक त्यांचा, पाटीही त्यांचीच. घरच्यांसाठी पास एकच, आणि तो यार्नेने लोरेला दिला, त्याच्या मैत्रिणीला.

"रागावू नकोस पप्पा," तो म्हणाला होता, "पण तू आत असलास की मी रस्त्याऐवजी तुझ्याकडेच बघत बसतो."

रागावलो नाही. तिकीट काढलं. गावाजवळच्या ज्या हेइकांत ट्रॅकच्या वाळूत मी स्वतः दोनदा मनगट मोडून घेतलं, तिथे आज वीस हजार माणसांत, दोरीबाहेर, बिअरच्या उलट्या क्रेटवर उभा आहे.

सकाळच्या शर्यतीत यार्ने नववा आला. आता दुसरी. हिच्यातही पहिल्या दहांत आला तर पुढच्या वर्षीचा करार. संघाचा मुख्य मानफ्रेदी, त्याने हे कॉफी ढवळत ढवळत सांगितलं. दहावा आला तर सही. अकरावा आला तर हात मिळवायचा आणि निघायचं.

शेजारच्या क्रेटवर स्वा आहे. गावात त्याचा बार आहे आणि यार्नेच्या चाहता मंडळाचा तो अध्यक्ष. दोनशे सभासद, उन्हाळ्यात एकदा मांस भाजायची पार्टी, आणि या वर्षीपासून मफलर. भर ऑगस्टमध्ये. पिवळे.

पिवळे! आमच्याकडे नुकतं चालायला लागलेलं पोरही जाणतं की रस्त्याकडेला पिवळा झेंडा हलला म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय. गॅसची मूठ सोडायची, उडी मारायची नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. तरी मंडळाच्या बैठकीत रंग ठरला पिवळा, कारण मफलर अंडीवाल्याने दिले आणि त्याचे ट्रक पिवळे. नऊ जण होतो बैठकीला. नऊच्या नऊ जणांनी आयुष्यात शर्यती केलेल्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही. मीही हात वर केला होता. बारमधल्या दिव्याखाली तो नुसता मफलर होता.

सकाळी फाटकावरचा माणूस म्हणाला, "गळ्यात घाला. हातात घेऊन हलवलात तर बाहेर."

"अंडं आतून पिवळंच निघतं हो," स्वा म्हणाला. "आम्ही काय रंगवलं का ते?"

तो माणूस हसला नाही.

फेरी १

दिसलं: वाळूची भिंत. तिच्यातून बाहेर येणारी हेल्मेटं.

"बारावा," मी म्हणालो.

"अकरावा," स्वा म्हणाला.

"निळं हेल्मेट मोजलंस का?"

"निळी दोन होती."

नाही दिसलं: बाकी सगळं.

फेरी २

बारावाच. स्वाने मान्य केलं नाही.

आमच्या खांबावर एक भोंगा आहे. निवेदक त्यातून पहिल्या तिघांबद्दल बोलतो. फक्त पहिल्या तिघांबद्दल. ते काय खातात, कुठे सराव करतात, एकाला नुकतीच मुलगी झाली. बाराव्याला घरदार नसतं.

फेरी ३

आता दिसायला लागलं.

या वळणात दोन चाकोऱ्या पडल्यात. एक आतली, दोरीला घासून जाणारी, अरुंद आणि खोल. दुसरी बाहेरची, लांब पण उंच काठाची, जिच्यावर गाडी टेकवून मूठ पिळून धरता येते. यार्ने आतून गेला. पुढचा बाहेरून गेला. वळणात घुसताना दोघं चाकाला चाक लावून होते. बाहेर पडताना पुढच्याने दोन गाड्यांचं अंतर काढलं होतं.

आतली चाकोरी त्याला मीच शिकवली. सात वर्षांचा होता. रविवारी सकाळी इथेच आणायचो. "आतून," मी ओरडायचो, "आतून, राजा, वाळूत लांबचा रस्ता धरणारा घरी उशिरा पोचतो!"

फेरी ४

आतून. दोन गाड्यांचं अंतर गमावलं.

फेरी ५

आतून. दोन गाड्या.

तरी तो दहावा होता. मला वाटलं, पुढचे दमले असतील.

फेरी ६: मी काय काय ओरडलो

"बाहेरून!"

"यार्ने, बाहेरून!"

"अरे गाढवा, बाहेर!"

"डावीकडे रे, डावीकडे बघ!"

यातलं एकही अक्षर मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. स्वाने नंतर विचारलं, "तू गात होतास का?"

फेरी ७

नववा! स्वाने फ्राइजचा कोन हवेत उडवला. मेयोनेझ पुढच्या बाईच्या खांद्यावर.

"माफ करा हं ताई, आमचा पोरगा आहे."

"तुमचा कुठला?"

"नववा."

"अच्छा," ती बाई म्हणाली आणि पहिल्या तिघांची वाट बघायला लागली.

फेरी ८

आज पाटी माझ्या हातात असती तर दोन शब्द लिहिले असते. वळण, बाहेरून. पुढच्या फेरीला त्याने मान हलवली असती, कळलं म्हणून. तो नेहमी मान हलवायचा. मग आठवा. कदाचित सातवा. मानफ्रेदीने कॉफी ढवळायची थांबवली असती.

पाटी माझ्या हातात नव्हती. हातात कोमट बिअर होती.

फेरी ९, १०, ११

मागून दोघं आले. एक डच, लाल गाडीवर, आणि एक लॅटव्हियाचा उंच पोरगा. दोघंही बाहेरच्या चाकोरीचे. नवव्या फेरीला यार्नेच्या मागे सहा गाड्यांवर होते, दहाव्यात चार, अकराव्यात तर वळणातून निघताना डचाचं पुढचं चाक यार्नेच्या मागच्या चाकाला लागायचंच राहिलं.

"गेला रे," स्वा म्हणाला.

"गेला नाही. आतून जातोय म्हणून."

"मग सांग त्याला."

"कसं सांगू?"

"तू बाप आहेस ना? मी बारवाला आहे."

फेरी १२

सगळ्यांचे हात वर होते. टोप्या, छत्र्या, पोरं खांद्यावर. या गर्दीत माझा एक हात त्याला कसा दिसणार? वेगळं काहीतरी हवं होतं. लांबून दिसेल असं.

मी गळ्यातला मफलर ओढून काढला. यार्ने झाडांमागून बाहेर पडला तसा तो डोक्यावर धरून डावीकडे, बाहेरच्या चाकोरीकडे, पूर्ण ताकदीने हलवला. एकदा, दोनदा, तीनदा. डावीकडे! डावीकडे!

त्याची मान वर झाली. मला दिसला तो. मी त्याला दिसलो.

त्याने मूठ सोडली.

गाडी वाळूत बसल्यासारखी झाली. टेकाडावर तो उडाला नाही. एखाद्या म्हाताऱ्यासारखा रांगत चढला, रांगत उतरला. डच उजवीकडून गेला. लॅटव्हियाचा डावीकडून. दोघं त्याच्या डोक्यावरून उडाले म्हणा ना.

अकरावा.

स्वाने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग त्याने स्वतःचा मफलर गळ्यातून काढला आणि शर्टाच्या आत कोंबला.

फेरी १३

वळणाच्या काठाला झेंडेवाली बाई उभी होती, नारिंगी जाकीट, दोन्ही झेंडे गुंडाळून काखेत. ती माझ्याकडे बघून ओरडत होती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? काका, तुम्हालाच विचारतेय! माझ्या वळणावर माझ्याशिवाय कुणी झेंडा दाखवत नाही!"

"चुकून झालं हो बाई. रेडिओवर सांगा ना, माझा पोरगा आहे तो."

"काय सांगू? एका काकांनी मफलर हलवला? रेडिओ पडलेल्यांसाठी आहे. नाव काय तुमचं?"

नाव सांगायच्या आत यार्ने आला. आतूनच. आणि जाता जाता त्याने डावा हात मुठीवरून काढला, झेंडेवालीकडे बोट दाखवलं, मग पुढे गेलेल्या दोघांच्या दिशेने. हात खाली. शांत.

त्याला वाटत होतं झेंडा खरा होता. झेंड्याखाली मागे टाकलं की शिक्षा होते, जागा परत मिळते. तो त्या दोघांचा पाठलाग करत नव्हता. का करेल? त्याच्या हिशोबाने तो अजून नववाच होता. पोरगा सरळ मनाने, नियमाने, दम राखून गाडी चालवत होता.

आणि आख्ख्या जगात हे फक्त मला माहीत होतं.

"चार फेऱ्या आहेत," स्वा म्हणाला. "पळ."

फेरी १४, १५

पळालो क्रेटवरून उतरून क्रेटला अडखळून वाळूत घोट्यापर्यंत पाय आणि वाळूत पळणं म्हणजे स्वप्नात पळणं माझं वय अठ्ठावन्न गुडघा उजवा गेलेला माणसांच्या पाठी घामाच्या पाठी बाळगाडी सॉसेजची रांग रांगेतला माणूस म्हणतो ओ रांग आहे मी म्हणतो मला सॉसेज नकोय तो म्हणतो मग रांगेत कशाला घुसता डावीकडे गाड्यांचा आवाज आला आणि गेला ती चौदावी होती मी बघितली नाही भुयारी वाट बंद पाणी तुंबलंय म्हणून मग पूल पुलावर सगळे फोटो काढत उभे सरका सरका कुणी सरकेना एकजण म्हणाला इथून छान दिसतं काका थांबा जरा पुलाखालून गाड्या गेल्या ती पंधरावी यार्ने अकरावाच सरळ बसलेला निवांत आणि मी वरून त्याच्या हेल्मेटवर ओरडलो झेंडा नव्हता रे झेंडा नव्हता आणि तो पुलाच्या सावलीतून बाहेर पडून गेला.

फेरी १६

आतल्या भागाचं कुंपण. फाटकावर दणकट माणूस.

"पास?"

"माझा मुलगा आहे आत."

"साहेब, इथे सगळ्यांचंच कुणीतरी आत आहे."

"मी चौदा वर्षं आत होतो!"

"मग माहीत असेल तुम्हाला, पास लागतो."

जाळीतून पलीकडे पाटीवाल्यांची रांग दिसत होती. मानफ्रेदीचा मेकॅनिक पाटीवर ११ लिहीत होता. नुसतं ११. त्याच्या शेजारी लोरे, कानावर हात ठेवून.

"लोरे! लोरे!"

तिसऱ्या हाकेला वळली. धावत आली.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"झेंडा नव्हता. यार्नेला वाटतंय पिवळा झेंडा होता. नव्हता. शिक्षा कुणालाच होणार नाही. त्याला सांग पळ म्हणून. लिहायला सांग!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"लिहायला सांग ना पोरी आधी!"

ती गेली. मेकॅनिकशी हातवारे. तो खांदे उडवत होता. तिने त्याच्या हातातून मार्कर हिसकावून घेतला. आवडली मला ती त्या क्षणी, पहिल्यांदाच. ११ खाली तिने लिहिलं: पिवळा नव्हता. पळ.

यार्ने आला. पाटीकडे बघितलं. अर्धा सेकंद काहीच झालं नाही.

मग मान हलवली.

फेरी १७, शेवटची

दोन माणसांच्या खांद्यांमधल्या फटीतून शेवटची सरळ वाट दिसते. आधी पहिले तिघं आले, भोंगा किंचाळला. मग चौथा, पाचवा. सहावा, सातवा, आठवा एकत्र. मग डच.

मग लॅटव्हियाचा, आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला यार्ने. एका फेरीत सहा सेकंद खाऊन आला होता. एका फेरीत! पाठीमागून येणारी वाळू तोंडावर घेत, गॉगल कधीच फेकून दिलेला, फूटरेस्टवर उभा. बाजूने निघाला. चाकाला चाक. दोन्ही इंजिनांचा एकच आवाज झाला.

अर्ध्या चाकाने लॅटव्हियाचा दहावा.

अजून एक फेरी असती तर. एक फेरी आधी मी त्या पुलावरून उतरलो असतो तर. मफलर शर्टाच्या आत असता तर. मी घरी टीव्हीसमोर बसलो असतो तर.

नंतर

शर्यत संपली की फाटकं उघडतात आणि सगळं जग आत शिरतं. त्या दणकट माणसाने मला पास विचारला नाही.

यार्ने संघाच्या ट्रकच्या पायरीवर बसला होता. डोळे लाल, पापण्यांत वाळू. लोरे बाटलीने त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत होती. समोर मानफ्रेदी. त्याचं इंग्रजी मोडकं, आमचंही, पण समजण्यासारखं.

"मला एक सांग," तो शांतपणे म्हणत होता. "झेंडेवाल्यांना विचारून आलो. त्या वळणावर पूर्ण शर्यतीत झेंडा वर गेलेला नाही. तुला दिसला म्हणतोस. हे काय आहे? डोळे? की कारण शोधतोयस?"

"दिसला मला," यार्ने म्हणाला. "पिवळा. हललेला. तीनदा."

"आणि झेंडा नव्हता हे पाटीवर लिहायला कुणी सांगितलं?"

लोरेने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. तिला संशय आला होता आणि ती मला वाट देत होती, हवं तर निघून जायची.

नसलेला झेंडा बघणारा पोरगा. असं एकदा नाव पडलं की हा एक संघ काय, कुठलाच संघ दारात उभं करत नाही.

"मी होतो," मी म्हणालो. मफलर खिशातून काढला. "हा हलवला. मी त्याचा बाप."

मानफ्रेदीने मफलर हातात घेतला. उलटा-सुलटा केला. त्यावर यार्नेचं नाव होतं, आणि खाली हसणारी कोंबडी.

"हे तुम्ही छापलंत?" त्याने विचारलं. "मोटोक्रॉसच्या माणसांनी?"

"नऊ जणांनी मिळून."

त्याने मफलर घडी घालून परत दिला. यार्नेच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे ठीक आहेत म्हणजे. चांगलं आहे, तसं मी सगळ्यांना सांगेन. पण अकरावा तो अकरावा." मग माझ्याकडे बघून, "सॉरी, बाबा," म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला. दार उघडंच ठेवलं, यार्नेसाठी.

यार्ने हातमोजे काढत होता. तळव्यांची कातडी सोललेली.

"काय सांगत होतास?" त्याने वर न बघता विचारलं.

"बाहेरून जा म्हणत होतो. दर फेरीला दोन गाड्यांचं अंतर जात होतं तुझं."

"वळणात."

"हो, वळणात."

"आणि टेकाडापलीकडे?"

मी मफलर पुन्हा खिशात कोंबला.

"पप्पा, बाहेरून गेलं की टेकाडावर गाडी वाकडी चढते. उडी आखूड पडते, पलीकडे खड्डा आहे, तिथे सगळे आदळून मंदावत होते. आतून गेलं की सरळ चढते, खड्डा ओलांडून पडते. वळणात दोन घालवायचो आणि पलीकडे तीन कमवायचो. दर फेरीला. बाराव्याचा नववा कसा झालो वाटतं तुला?"

"मला वाटलं पुढचे दमले."

तो हसला, पण ते हसू नव्हतं. "तूच शिकवलंस ना हे. लहानपणी, दर रविवारी. आतून, आतून. आणि आज तूच विसरलास!"

मी तोंड उघडलं. कारण हे खरं नव्हतं. मी फक्त आतून जा एवढंच शिकवलं होतं, तेसुद्धा माझ्या बापाने मला सांगितलं म्हणून. टेकाडापलीकडचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं. ते त्याने शोधलं होतं, एकट्याने, माझ्या पाटीशिवाय. निदान एवढं तरी त्याला सांगायला हवं होतं.

"यार्ने, ऐक, ते मी..."

"आता नको, पप्पा," तो म्हणाला. "खरंच, आता काही सांगू नकोस."

तो उठला, आत गेला आणि ट्रकचं दार लागलं. लोरे रिकामी बाटली हातात धरून उभी राहिली. मी तिला सांगायला सुरुवात केली, की बघ, ते पलीकडचं, ते माझं नाही, त्याचंच आहे. पण बाजूला कुणीतरी गाडी धुवायला पाण्याचा पंप सुरू केला, आणि ती कानाला हात लावून म्हणाली, "काय? ऐकू येत नाहीये."